तारेवरचा बर्फ : आधी वजन, मग उपाय

श्रीनगरजवळच्या अलुस्तेंगपासून द्रास, कारगिल, खाल्सीमार्गे लेहला जाणारी सुमारे ३३५ किलोमीटर लांबीची २२० केव्ही वाहिनी ३ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाली आणि लडाख देशाच्या ग्रिडला जोडले गेले. ही वाहिनी साडेतीन हजार मीटर उंचीवरची झोजिला खिंड ओलांडते. अशा वाहिन्यांच्या देखभालीला देशभरातून माणसे जातात. त्यांत महाराष्ट्रातले अभियंते असतात, आयटीआय करून कंत्राटदाराकडे लागलेली पोरे असतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आपल्याकडे वाहिनी ट्रिप झाली की संशय जातो तो वादळावर, विजेवर, झाडाच्या फांदीवर, पतंगाच्या मांजावर, नाही तर इन्सुलेटरच्या डिस्कवर साचलेल्या धुळीवर. बर्फ आपल्या अनुभवातच नाही. डिप्लोमाच्या परीक्षेत बर्फ आणि वारा धरून तारेचा झोळ काढायचे गणित आपण सगळ्यांनी सोडवलेले असते, पण ते पाच-सात मार्कांपुरते. उत्तरेत बदली झाली की तेच गणित रोजच्या कामात येते, म्हणून ते पुन्हा हाताखालून घालायला हवे.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाका. कडाक्याची थंडी आणि तारेवरचा बर्फ यांचे प्रमाण सारखे नसते. द्रासला पारा उणे २० च्या खाली गेला म्हणून वाहिनी धोक्यात आली असे समजू नका. तिथली हवा कोरडी, पडणारा हिमही कोरडा. तो तारेला फारसा धरत नाही, वाऱ्याबरोबर निघून जातो. थंडीने तार आकसते आणि ताण वाढतो हे खरे, पण त्याचा हिशेब डिझाइनमध्ये केलेला असतो. जपायचे ते शून्याच्या आसपासच्या ओल्या हवेला. साधारण अधिक २ ते उणे ५ अंश तापमान, जवळपास संपृक्त आर्द्रता आणि वारा असे तिन्ही एकत्र आले की नियंत्रण कक्षातल्या माणसाने खुर्ची सोडू नये.

तारेवर बर्फ तीन तऱ्हांनी बसतो. जमिनीलगतची हवा गोठणबिंदूखाली आणि तिच्या वरचा थर उबदार असला की वरून पाऊस म्हणून निघालेला थेंब खाली येईपर्यंत शून्याखाली जातो, तरी पातळच राहतो आणि तारेला टेकताक्षणी गोठतो. हा ग्लेझ : पारदर्शक, कठीण, पाण्याच्या जवळपास ०.९ पट घनतेचा. दुसरा राइम. खिंडीत, कड्यावर ढगच तारांमधून जातो आणि त्यातले सूक्ष्म थेंब वाऱ्याच्या बाजूने तारेवर गोठत जातात. हा पांढरा, अपारदर्शक असतो आणि वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वाढतो. तिसरा ओला हिम, शून्य ते दोन अंशांच्या दरम्यान पडणारा, चिकट. एकेरी तारेवर तो एका अंगाला साचला की त्या ओझ्याने तार पिळली जाते, रिकामे अंग वर येते, त्यावर पुन्हा साचतो, आणि बघता बघता तारेभोवती गोल वेष्टण तयार होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते तसा दवबर्फही तारेवर जमतो. त्याने तारेची चुरचुर आणि करोनामुळे होणारी वीजहानी वाढते, पण त्याला फारसे वजन नसते.

काश्मीर खोऱ्यात सर्वांत जास्त सतावतो तो ओला हिम. तिथला सर्वांत कडक हिवाळा, म्हणजे चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतो. पण २०१९ साली ७ नोव्हेंबरलाच, त्याच्या सहा आठवडे आधी, जड हिम कोसळला. झाडांची पाने अजून गळाली नव्हती, त्यामुळे हिम पानापानावर अडकला. सफरचंदाच्या बागा मोडल्या, झाडे तारांवर आली आणि खोऱ्याचा बराच भाग अंधारात गेला. हिवाळ्याची तयारी डिसेंबरपर्यंत लांबवणाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट इशारा कोणता हवा?

आता ते परीक्षेतले गणित. तारेवर सगळीकडून सारख्या जाडीचा बर्फ बसला आहे असे धरले, तर दर मीटरचे बर्फाचे वजन म्हणजे पाय गुणिले बर्फाची घनता गुणिले बर्फाची जाडी गुणिले, तारेचा व्यास अधिक बर्फाची जाडी. आपल्या ओळखीची झेब्रा तार घ्या. व्यास २८.६२ मिलिमीटर, वजन मीटरला सुमारे १.६२ किलो. तिच्यावर १० मिलिमीटर ग्लेझ बसला तर मीटरमागे १.०९ किलो बर्फ होतो. जाडी २५ मिलिमीटरवर गेली तर ३.७९ किलो, म्हणजे तारेच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक. ३५० मीटरच्या एका स्पॅनमध्ये एका तारेवर सव्वा टनाहून जास्त बर्फ लटकतो.

हेच गणित अर्थ वायरसाठी करून बघा, कारण ते सहसा कोणी करत नाही. सात सळ्यांची, सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची पोलादी अर्थ वायर मीटरला ०.५८ किलो भरते. तोच २५ मिलिमीटर बर्फ तिच्यावर २.५४ किलो होतो, स्वतःच्या वजनाच्या चौपटीहून जास्त. शिवाय तिच्यातून विद्युतप्रवाह वाहत नसल्याने तिला ऊब नसते, बर्फ आधी बसतो आणि उशिरा सुटतो. झोळ वाढत वाढत टॉवरच्या माथ्यावरची ही तार फेजच्या तारेजवळ उतरते आणि वाहिनी ट्रिप होते. ठिणगी फेजवर पडली म्हणून आपण फेजची तार तपासत बसतो. दोष वरच्या तारेच्या ओझ्याचा असतो. अर्थ वायरच्या जागी ओपीजीडब्ल्यू, म्हणजे पोटात फायबर असलेली अर्थ वायर, असेल तर तिच्याबरोबर संदेशवहनही जाते.

वजन टॉवरला पेलले तरी त्रास संपत नाही. एका स्पॅनमधला बर्फ पडला आणि शेजारच्या स्पॅनमधला राहिला की टॉवर एका बाजूला ओढला जातो. सस्पेन्शन टॉवर खालच्या दिशेचे ओझे पेलायला बांधलेला असतो, लांबीच्या दिशेची अशी ओढ त्याला झेपत नाही. एक गेला की तारेच्या ओढीने पुढचा जातो, मग त्याच्या पुढचा. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांतात हेच झाले. ४ ते १० जानेवारीदरम्यान गोठणाऱ्या पावसाच्या सरींमागून सरी आल्या. शेकडो पोलादी टॉवर आणि हजारो लाकडी खांब आडवे झाले, प्रांतातल्या सुमारे १४ लाख ग्राहकांची वीज गेली आणि काही भागांत ती परतायला महिन्याहून अधिक काळ लागला. मदतीला लष्कराचे जवळपास १६ हजार जवान उतरवावे लागले. त्यानंतर तिथे ठराविक अंतरावर अशी साखळी अडवणारे मजबूत टॉवर घातले गेले.

खालच्या तारेवरचा बर्फ एकदम गळून पडला की ती तार उसळते आणि बर्फाने झुकलेल्या वरच्या तारेजवळ जाते. एका अंगाला बसलेल्या बर्फाने तारेला पंखासारखा आकार येतो आणि वाऱ्यात ती सावकाश, काही मीटरच्या झोक्यांनी वरखाली नाचू लागते. याला गॅलपिंग म्हणतात. डिस्कच्या माळेवर लोंबणारे बर्फाचे सुळे एकमेकांना जोडले जातात ते वेगळेच. तिथे धोका गोठताना कमी आणि सकाळी ऊन पडल्यावर जास्त, कारण वितळत्या बर्फावरचा पाण्याचा पातळ थर वीज वाहून नेतो. ट्रिपिंगच्या नोंदवहीत वेळेच्या रकान्याशेजारी तापमान लिहायची सवय लावा. दोन हिवाळ्यांत तुमच्या वाहिनीचा स्वभाव कळेल.

म्हणजे सगळा प्रश्न वजनाचा आहे, आणि वजन डोळ्यांनी दिसत नाही. वीतभर जाडीचा भुसभुशीत राइम बघून माणूस हबकतो, आणि बोटभर ग्लेझ बर्फ खालून नीट दिसतही नाही. म्हणून जाडीवर जाऊ नका, वजन करा.

सर्वांत स्वस्त साधन तुमच्या स्टोअरमध्ये पडून असेल. वाहिनीवर आहे त्याच तारेचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापा, टोके बंद करा आणि खिंडीतल्या चौकीजवळ, वारा लागेल अशा उंचीवर आडवा टांगा. वादळात दर दोन-तीन तासांनी तो बर्फासकट अलगद उतरवून काट्यावर ठेवा. झेब्राचा तुकडा १.६२ किलोऐवजी २.७ किलो भरला तर तुमच्या डोक्यावरच्या तारेवर १० मिलिमीटर ग्लेझइतके ओझे बसते आहे असे धरा, मग तो दिसायला कसाही असो. या तुकड्यात प्रवाह नसतो, त्यामुळे त्यावर प्रवाह वाहणाऱ्या तारेपेक्षा थोडे जास्तच साचते. तेवढ्यापुरता अंदाज सुरक्षित बाजूला राहतो. अर्थ वायरचाही असाच तुकडा शेजारी टांगा.

टॉवरवर बसवायचे साधन म्हणजे लोड सेल. डिस्कची माळ जिथे क्रॉसआर्मला लटकते तिथल्या कडीच्या जागी तो बसवतात, जोडीला माळेचा कल मोजणारे यंत्र असते. ३५० मीटरच्या वेट स्पॅनला, म्हणजे एका टॉवरच्या वाट्याला येणाऱ्या तारेच्या लांबीला, कोरड्या झेब्रा तारेचे सुमारे ५६७ किलो ओझे येते. उद्या तोच आकडा ९५० झाला तर वाढलेले ३८३ किलो साडेतीनशे मीटरवर वाटा : मीटरला १.०९ किलो, पुन्हा तेच १० मिलिमीटर. कल बघितल्याशिवाय मात्र आकड्यावर विश्वास ठेवू नका. माळ आडवी झुकली असेल तर त्यात वाऱ्याचा जोर मिसळला आहे. ती वाहिनीच्या दिशेने पुढे किंवा मागे झुकली असेल तर दोन बाजूंचा बर्फ सारखा नाही, आणि हा इशारा एकूण वजनापेक्षाही गंभीर आहे. सेलचा कोरड्या तारेचा आकडा ऑक्टोबरमध्येच तपासून घ्या आणि माळेचे, हार्डवेअरचे वजन वेगळे नोंदवून ठेवा.

कॅमेरे लावाच, पण त्यांच्या मर्यादा ओळखून. नेमक्या गरजेच्या रात्री भिंगावर बर्फ धरतो, सौर पॅनेल हिमाखाली जाते आणि थंडीने बॅटरीची ताकद घटते. भिंगाला गरम करणारी तार हवी, पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ उभे बसवलेले हवे आणि शक्य तिथे संदेश मोबाइलच्या भरवशावर न ठेवता ओपीजीडब्ल्यूच्या फायबरवरून यावा. कॅमेऱ्याच्या चौकटीत माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू, डिस्क किंवा स्पेसर, नेहमी दिसेल असे बघा. वाहिनीवर पीएलसीसी, म्हणजे तारेवरूनच संदेश नेणारी यंत्रणा, असेल तर तिच्याकडेही लक्ष ठेवा : तारेवर बर्फ धरला की कॅरिअरचा सिग्नल खालावतो. तेवढ्यावरून वजन कळत नाही, पण गस्त कुठल्या बाजूला पाठवायची ते कळते.

कृती कधी करायची? टॉवरच्या डिझाइनच्या कागदात बर्फाची किती जाडी किंवा किती भार धरला आहे तो आकडा आधी शोधून काढा आणि कक्षाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. माझ्या मते त्याच्या निम्म्यावर ओझे आले की पथके आणि यंत्रसामग्री सज्ज हवी आणि दोन-तृतीयांश गाठायच्या आत वितळवण्याचे काम सुरू झालेले हवे. त्यापुढे वाट पाहण्यात काही हशील नाही.

बर्फ काढण्याचा सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे तो तारेतल्याच प्रवाहाने वितळवणे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते हे इथे कामाला येते. झेब्रा तारेतून ३०० अँपिअर वाहत असतील तर मीटरमागे जेमतेम ६ वॉट उष्णता निर्माण होते. १२०० अँपिअरला ती १०० वॉटच्या घरात जाते. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे आपल्या १.०९ किलोसाठी सुमारे ३६५. शंभर वॉटने हे काम तासाभराचे. ग्लेझच्या बाबतीत सगळा बर्फ वितळण्याची वाटही बघावी लागत नाही. तारेच्या अंगचा थर सुटून वरच्या बाजूने फट पडली की बाकीचा स्वतःच्या वजनाने गळतो. वारा असेल तर मात्र बरीचशी उष्णता तोच पळवतो आणि वेळ कितीतरी वाढतो.

बर्फ धरायच्या आधी ही उष्णता वापरता आली तर उत्तमच. दोन्ही सर्किटांत अर्धा अर्धा भार वाहत असेल तर भार प्रेषण केंद्राच्या परवानगीने तो एकावर घेतला की त्या सर्किटमधली उष्णता चौपट होते. ओला हिम सुरू होण्याच्या सुमारास असे आळीपाळीने करता येते. पण एकदा जाड थर बसला की नेहमीच्या भाराने तो वितळत नाही. मग वाहिनी बंद करून दूरच्या टोकाला तिन्ही फेज शॉर्ट करायचे आणि अलीकडून कमी व्होल्टेजवर मोठा प्रवाह सोडायचा. एसीने हे मध्यम लांबीच्या वाहिनीवर जमते. लांब आणि उच्च दाबाच्या वाहिनीत रिअॅक्टन्स रोधापेक्षा कित्येक पट असल्याने ग्रिडवर रिअॅक्टिव्ह भाराचा डोंगर पडतो. तिथे डीसीच लागते. क्विबेकने १९९८ च्या अनुभवानंतर लेव्ही उपकेंद्रात ७३५ केव्ही वाहिन्यांसाठी असाच २५० मेगावॉटचा डीसी संच बसवला. तो ७२०० अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकतो आणि एरवी ग्रिडचे व्होल्टेज सांभाळण्याच्या कामी येतो. वर्षातून क्वचित लागणाऱ्या यंत्राला रोजचे काम देण्याची ही कल्पना आपल्या नियोजनकारांनी जरूर अभ्यासावी.

वितळवताना ज्या चुका होतात त्या बहुतेक बर्फ नसलेल्या भागात होतात. खिंडीतल्या पाच किलोमीटरवर बर्फ आहे आणि खाली दरीत तार मोकळी आहे, पण प्रवाह दोन्हीकडे तोच. मोकळी तार तापते, झोळ वाढतो. म्हणून प्रवाहाची मर्यादा मोकळ्या तारेच्या कमाल तापमानावरून ठरवा. ढिला जंपर, गंजलेला क्लॅम्प, कच्चा जॉइंट यांची शिक्षा अशाच वेळी मिळते. त्यांची इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तपासणी पावसाळा संपताच व्हायला हवी. आयसोलेटर, सीटी, बसबार हा प्रवाह पेलतील का आणि प्रोटेक्शनची सेटिंग काय असेल, हे लेखी ठरलेले असावे.

क्रमही महत्त्वाचा. वरच्या तारा आधी, खालच्या नंतर. अर्थ वायर बर्फाने झुकलेली असताना खालची फेज मोकळी केली तर ती उसळून वर जाते आणि दोघींची गाठ पडते. अर्थ वायर वितळवण्यासाठी ती टॉवरपासून इन्सुलेट केलेली असावी लागते. नवी वाहिनी बांधताना खिंडीच्या भागापुरती ही सोय मागून घ्या. पिळणाऱ्या ओल्या हिमासाठी जपानमध्ये तारेला वजने आणि कडी लावतात, म्हणजे तार फिरत नाही आणि हिम कड्याकड्याला तुटून पडतो. काश्मीरसारख्या ठिकाणी हा स्वस्त उपाय आजमावण्याजोगा आहे. तारेला बर्फ न चिकटणारे लेप बाजारात येत असतात, पण त्यांच्या भरवशावर वाहिनी सोडू नये असे माझे मत आहे. क्विबेकमध्ये अर्थ वायरवर धावून बर्फ खरवडणारे लाइनरोव्हर नावाचे यंत्र तयार झाले. ते पुढे मुख्यतः तपासणीच्या कामात रुळले.

एक गोष्ट निघण्यापूर्वी मोजून ठेवा. २२० केव्ही तारेची जमिनीपासूनची किमान उंची आपल्याकडे सुमारे ७ मीटर धरतात. जमिनीवर तीन मीटर हिम साचला की त्यावरून चालणाऱ्या माणसासाठी ती चारच मीटर उरते, आणि बर्फाने तार आणखी खाली आलेली असते. ज्या स्पॅनखालून गावकऱ्यांची, जवानांची वाट जाते तिथे हिमावर खुणेच्या काठ्या रोवा आणि वाट वळवा.

टोरांटो, मॉन्ट्रियल, बोस्टन भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणि काश्मीरमध्ये बदलीवर असलेल्यांनीही थोडे ऐकावे. १९९८ च्या त्या संकटात काही माणसे बंद घरातल्या कार्बन मोनॉक्साइडने दगावली. जनरेटर घरात, गॅरेजमध्ये, खिडकीजवळ चालवू नका. कोळशाची शेगडी, कांगडी किंवा बुखारी पेटती ठेवून बंद खोलीत झोपू नका. जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय घराच्या वायरिंगला जोडलात तर वीज उलटी वाहिनीत जाते आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरू शकतो. पडलेली तार मेलेली आहे असे कधीच समजू नका. लांब राहा, इतरांना लांब ठेवा आणि भारतात १९१२ वर कळवा. घराकडे येणाऱ्या तारेवरचा बर्फ काठीने झोडपू नका.

काठीवरून शेवटचा उपाय आला : हाताने बर्फ काढणे. ११ आणि ३३ केव्हीच्या वाहिन्यांवर, बंद करून, दोन्ही बाजूंना अर्थिंग करून, जमिनीवरून दोर ओढून किंवा लांब दांड्याने हे काम होते. चालू तारेवर फायबरच्या दांड्याने झोडपायला जाऊ नका. वितळत्या बर्फाचे पाणी दांड्यावरून ओघळले की तो इन्सुलेटर राहत नाही. डबल सर्किट टॉवरवर शेजारचे सर्किट चालू असेल तर बंद तारेतही दाब उतरतो, त्यामुळे काम चालेल त्या जागी वेगळे अर्थिंग हवेच. बर्फाचे तुकडे पडतील तेवढा पट्टा आधी मोकळा करा. आणि एका बाजूचा बर्फ पुरता काढून मग दुसऱ्या बाजूकडे वळू नका. दोन्हीकडचे ओझे बरोबरीने उतरवत जा.

बर्फाने लदलेल्या टॉवरवर माणूस चढवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. जानेवारी २००८ मध्ये चीनच्या हुनान प्रांतात टॉवरवर चढून बर्फ झाडणारे तीन कर्मचारी टॉवरसकट कोसळून मरण पावले. ते अनुभवी नव्हते किंवा त्यांनी पट्टे बांधले नव्हते असा प्रश्नच नाही; टॉवरच पडला तर पट्टा काय करणार? त्या हिवाळ्यानंतर चीनने दक्षिणेकडच्या उपकेंद्रांत डीसीने बर्फ वितळवणारे संच मोठ्या प्रमाणावर बसवले.

तुमच्यावर असा प्रसंग येईल. अंधारात बसलेले गाव, वरून येणारे फोन, रुग्णालयाचा निरोप, आणि समोर चढायला तयार असलेला धाडसी पोरगा. चढण्याचा आदेश तोंडी आला तर तो लेखी मागा. त्यावर लोड सेलचा किंवा तुकड्याच्या वजनाचा त्या तासाचा आकडा, माळ सरळ असल्याची नोंद, परमिटचा क्रमांक आणि अर्थिंग केल्याची सही नसेल, तर त्याला चढू देऊ नका.